उजवीकडे ओढणारी गाडी

४ फेब्रुवारी

चि. ठकीस दादाचे अ. आ.

पत्राला उशीर झाला, कान धरतो. लष्कराच्या जुन्या छोट्या गाड्या मोडीत काढायच्या आहेत, आणि त्यांच्या जागी घ्यायच्या नव्या गाड्यांची चाचणी माझ्याकडे आलीय. पहाटे धुक्यात मैदानाला फेऱ्या मारतो. नवी गाडी आवाजच करत नाही गं! चालतेय की तरंगतेय तेच कळत नाही. कधीकधी वाटतं, मी अजून अंथरुणातच आहे.

पण ती उजवीकडे ओढते. यंत्रं म्हणतात सरळ आहे. साहेब म्हणतात, यंत्रापेक्षा तुझा हात खरा. मी तसा शेरा दिला, की गाड्या परत जाणार आणि जुन्याच आणखी दोन वर्षं पळणार. तुझी लेक चिमणी वर डोंगरातल्या चौकीवर जुनीच चालवते, ते का मला ठाऊक नाही? पण खोटं कसं लिहू?

गुडघा सांभाळ. माया असू दे.

तुझा दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

चिमणीचा फोन आला होता. उतारावर गाडीचा ब्रेक लागेना, तेव्हा तिने गाडी डोंगराला घासून थांबवली म्हणे. सांगताना कार्टी हसत होती. माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

आता लहान तोंडी मोठा घास घेते. मागच्या सुट्टीत माझी नवीकोरी सायकल उजवीकडे ओढते म्हणालास. मग शेजाऱ्यांची मोटार. मग त्यांच्या बाळाची ढकलगाडीसुद्धा! तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तुझं पत्र आल्यापासून मात्र हसू येत नाही. तुझी लष्करातली जुनी गाडी डावीकडे जायची, हे तूच सांगायचास. जन्मभर तू तिला उजवीकडे खेचून धरलंस. दादा, सगळं जग उजवीकडे कसं ओढेल रे?

रागावलास तरी चालेल, पण एकदा बघ. राग ओसरला की आठवण काढ.

तुझीच ठकी

२ मार्च

चि. ठकीस अ. आ.

रागावलो होतो. चांगलाच. तुझं पत्र खिशात घालून नुसता धुमसत होतो. मग एका पहाटे मैदानावर स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले. गाडी धुक्यातून नाकासमोर सरळ गेली, जणू तिला घर माहीत होतं.

साहेबांना सांगितलं की खोट गाडीत नाही, माझ्या हातात आहे. त्यांनी चाचणी माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिली. गाड्या पास झाल्या. पहिली खेप चौकीवर पोचवायला मलाही नेलं, पण शेजारच्या सीटवर.

वर चिमणीने नव्या गाडीची किल्ली घेतली आणि मला बसवून उतारावर निघाली. जिथे ब्रेक नाही तिथेही मी पाय दाबत होतो. ती म्हणाली, मामा, आता पाय मोकळे सोडा. रस्त्यावर ढग उतरले होते. खाली दरी होती की आभाळ, काही कळत नव्हतं. आणि ठके, मला चक्क झोप लागली! दुसऱ्याच्या हातात गाडी असताना डोळा लागला, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

जाग आली तेव्हा आम्ही खाली पोचलो होतो. चिमणीने आपला कोट माझ्या अंगावर घातला होता आणि मी उठेपर्यंत ती इंजिन बंद करून बसून होती. चाचणी गेल्याचं वाईट वाटलं का विचारशील, तर हो, फार वाटलं. पण तू आता जेवत जा पोटभर. पोर सरळ चालवते.

आहे तो जिव्हाळा आटू देऊ नकोस.

तुझा दादा