माझा हलका हात

१ एप्रिल २०१३, सोमवार
आजपासून संकल्प. एका टोचणीत शीर. दुसरी टोचणी लागली तर स्वतःचा अपमान समजायचा.

दूध संघाची चारा छावणी आष्टीबाहेर बसून महिना झाला. चारशे जनावरं, त्यांच्यासोबत राहणारी माणसं, आणि माणसांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये दवाखाना. डॉक्टर मंगळवारी अन् शुक्रवारी येतात. बाकी दिवस सावित्रीबाई सिस्टर आणि मी. मी कंपाउंडर, रोजंदारीवर. सुई फक्त सिस्टरनी लावायची असा डॉक्टरांचा हुकूम. माझा हात त्यांनी अजून पाहिलेला नाही, एवढंच.

चेअरमन सुंदरराव आज म्हणाले, राधाकिशन, संघाच्या निवडणुकीआधीचं आरोग्य शिबिर नीट पार पाड, तुला पर्मनंट करतो. पर्मनंट झालो की छबुबाई परळीहून, माहेराहून, परत येणार. तिची अटच तशी आहे. म्हणजे आलीच समजा.

३ एप्रिल, दुपारी दोन
सिस्टर जेवायला गेल्या. आश्रुबा आला. म्हणाला, लई कमजोरी हाय, बाटली लावा. आमच्याकडे ताप असो की पाठदुखी, सलाईन चढल्याशिवाय माणसाला बरं वाटत नाही.

फुलपाखरू सुई काढली. तिला प्लास्टिकचे दोन पंख असतात. चिमटीत धरायचे, सुई शिरेत सरकवायची. अगदी सोपं काम. पहिल्या टोचणीला शीर सरकली. दोष शिरेचा. उन्हाळ्यात माणसं पाणी पीत नाहीत, शिरा आत दडून बसतात. चौथ्या टोचणीला आश्रुबाने डाव्या हाताने कानाखाली वाजवली. पाचव्या टोचणीला उजव्या हाताने, आणि तो तर मी खाटेला बांधला होता. एवढी ताकद आली म्हणजे उपचार लागू पडला.

७ एप्रिल
सराव. स्वतःच्याच हातावर. रक्त बघून चक्कर आली, सलाईनच्या स्टँडवर आपटलो. ओठ फाटला. संघाने स्टँड फार टणक घेतलेत.

सिस्टर म्हणाल्या, डोळ्यांनी शोधू नका, बोटाने चाचपा. बहुतेक मला बघूनच शिकल्या असाव्यात.

११ एप्रिल
सिदू धनगराची बायको चतुराबाई, जुलाब. सिस्टर टँकरवर पाणी आणायला गेलेल्या. मी पुढे झालो. तिसऱ्या टोचणीला चतुराबाई माझ्या खांद्याला कडाडून चावली. सहाव्या टोचणीला सिदू काठी घेऊन आत आला. काठी माझ्या पाठीवर मोडली. बाभळीची होती. पाठ मजबूत आहे, हे आजच समजलं.

मग सिस्टर आल्या. एकाच टोचणीत लावली. मी जागा मोकळी करून ठेवली होती म्हणून.

छबुबाईला फोन केला. सांगितलं, इथे लोक मला हात लावल्याशिवाय जात नाहीत. खोटं काहीच नव्हतं.

२० एप्रिल, शनिवार, संध्याकाळ
शिबिर. लिहायला जड जातंय, डावा डोळा मिटलाय.

उद्या मतदान, म्हणून चेअरमननी प्रत्येक सभासदाच्या घरात एकाला सलाईन जाहीर केली होती. मी डोकं चालवलं. बाटलीत व्हिटॅमिनचं इंजेक्शन मिसळलं की पाणी पिवळं होतं, आणि पिवळी बाटली ताकदीची असं अख्खा तालुका मानतो. इंजेक्शनं दहाच होती. ती आपल्या पॅनेलच्या लोकांना दिली. सिस्टर नको म्हणत होत्या.

विरोधी पॅनेलचे आप्पाराव खाटेवरून उठले. त्यांना पिवळी आन् आमाला पांढरी कामून रं? पुढचं बोलणं स्टँडनी झालं. दोन डोकी फुटली. एकाचे दात माझ्या चपलेजवळ पडले. कुणीतरी बैल सोडले. शेड आडवी झाली.

त्या गर्दीत चेअरमनच्या आई गीताबाई उन्हाने कोसळल्या. ओठ निळे. सिस्टर डोकी बांधत होत्या. चेअरमन ओरडले, राधाकिशन, लाव!

एक टोचणी. दोन. दोन्ही हात सुजवले. आठवी टोचणी बसायच्या आत चेअरमनने मला लाथेने उडवलं, वर आप्पाराव येऊन बसले. मारता मारता ते दोघे एकमेकांना सांगत होते, हितं मार, न्हाई, हितं. तेवढ्यात सिस्टरनी डोळे मिटून म्हातारीच्या मनगटावर बोट फिरवलं. एका टोचणीत शीर. म्हातारीने पाणी मागितलं.

मी नीट बघितलं आज. पहिल्यांदाच.

२२ एप्रिल, सोमवार
आप्पाराव जिंकले. निकाल लागल्या लागल्या बसलेल्या बैठकीत दोन्ही पॅनेलनी मला कामावरून काढलं. एकमताने. संघात असं कधीच झालं नव्हतं म्हणतात.

आष्टीच्या दवाखान्यात पडून आहे. दोन बरगड्या. सिस्टर भेटायला आल्या. छबुबाईही आली. कुणीतरी तिला कळवलं. माझं तोंड बघून रडली. मग सिस्टरला विचारलं, बाई, खरं सांगा, ह्यांला येकदा तरी सुई लावता आलती का?

सिस्टर म्हणाल्या, लई येळा. हात लई हलका हाय ह्यांचा.

छबुबाईने डोळे पुसले. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. सुई एकदाही लावता आली नव्हती.