उजवा हात, डावा पाय

२ मार्च

चिरंजीवांना बोलावणं आलं! पंधरा एप्रिलला सकाळी आठ वाजता प्रशिक्षण केंद्राच्या फाटकावर हजर. सैन्य हल्ली कुणालाही घेतं असं दिसतं.

पत्र नाचवत दुकानात आला तेव्हा मी एका बाईंच्या कपाटाची किल्ली कानशीनं घासत होतो. "बाबा, झालं!" मी म्हटलं, काय झालं? अजून काहीच झालेलं नाही, फक्त आत बोलावलंय. बाई म्हणाल्या, अहो, पोराचं जरा कौतुक करा की. वर्षातून तीनदा किल्ली हरवणाऱ्यांनी मला शिकवू नये.

घरी आल्यावर जोर काढायला लावले. चौदा! पंधराव्याला जमिनीवर पसरला. वीस वर्षांचं पोर आणि अंगात जोर कपड्याच्या चिमट्याएवढा. यांना सीमेवर उभं करणार! ही म्हणाली, "आजच आलंय पत्र, आजच का छळता?" म्हटलं, मी सैन्यात होतो, तू नव्हतीस.

४ मार्च

चिरंजीवांनी क्लास लावला. मैदानावर एक गृहस्थ शिट्टी गळ्यात अडकवून पोरांना पळवतात. पोटाचा नगारा, त्यावर घट्ट बनियन. केशरी शंकू मांडायचे आणि पोरांनी त्यांच्यातून नागमोडी पळायचं. पळून झालं की सगळ्यांनी आपापल्या दंडांचे फोटो काढायचे. हे सैन्य की वरात?

मी कुंपणापाशी उभा राहून पाहिलं. शिट्टीवाला माझ्याकडे आला. "तुम्ही पण होतात ना सैन्यात? मुलानं सांगितलं." म्हटलं, होतो. "मग?" गुडघा. "अरेरे," म्हणाला. येताना मैदान संपेपर्यंत लंगडत आलो.

७ मार्च

जन्माचा दाखला हवा म्हणे. तो माझ्या ट्रंकेत. चिरंजीव निघालेच होते ट्रंकेकडे. थांब म्हटलं, मी देतो. त्या ट्रंकेला मी स्वतः बनवलेलं कुलूप आहे – सात लिव्हरचं, किल्ली एकच, ती माझ्या जुडग्यात. या शहरात ते दुसऱ्या कुणाला उघडता येईल तर मी दुकान बंद करीन.

दहा वर्षांचा असताना सुट्टीत दुकानात बसायचा. साधी कुलपं तारेनं उघडायचा, बरा हात होता. मग कंटाळला असावा. एका गोष्टीला चिकटून राहील तर शपथ.

१० मार्च

नवे बूट आणले, जाड तळव्याचे. म्हटलं, उद्यापासून यातच पळायचं, पाच किलोमीटर. शिट्टीवाला म्हणे हलक्या बुटांत पळवतो. तिथे काय हलके बूट देणार आहेत? आमच्या वेळी असले लाड नव्हते.

"हो बाबा."

पोराला एवढंच येतं. हो बाबा. विचार नाही, प्रश्न नाही. घरात भिंत असावी आणि तिच्याशी बोलावं!

१४ मार्च

टाचेला दोन फोड, आणि उजव्या नडगीत कळ. बोट ठेवलं की कळवळतो. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला आणि भडकल्या – "नव्या कोऱ्या बुटांत पहिल्या दिवशी पाच किलोमीटर? कुणी सांगितलं? हाड चिरलं असतं म्हणजे भरती राहिली बाजूला, तीन महिने खाटेवर!"

मी भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचायला लागलो.

चिरंजीव म्हणाले, "मीच पळालो. माझंच चुकलं."

आठ दिवस पळणं बंद.

१६ मार्च

शिट्टीवाला घरी हजर! बूट उलटेपालटे करून पाहिले. म्हणाला, आधी घरात घालून फक्त चालायचं, दोन-दोन तास, दोन मोजे घालून. पळणं हलक्या बुटांत, आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. पाठीवर वजन घेऊन चालणं शेवटच्या महिन्यात, तेही सपाटीवर. जोर रोज दोन जास्त. झोप आठ तास. अंडी, केळी, पाणी.

हेच मी सांगणार होतो. हा माणूस चहाचे दोन कप प्यायला.

आता चिरंजीव दिवसभर स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर, हाफ पँट आणि बूट! ही त्याच्या फेऱ्या मोजते. घराची छावणी झाली आहे.

२० मार्च

जेवताना चिरंजीवांना सगळं नीट सांगितलं. पहिल्याच दिवशी डोकं भादरतील. फोन काढून घेतील, दुसऱ्या रविवारी पाच मिनिटं देतील, झालं. पहाटे साडेचारला भांडी बडवून उठवतात. चादरीला एक सुरकुती दिसली की अख्खा पलंग उलटा. जेवायला सात मिनिटं, चावायचं कधी ते तुमचं तुम्ही पाहा. आणि एकानं चूक केली की शिक्षा सगळ्या तुकडीला. म्हणजे कवायतीचा उस्ताद ओरडतो एकदा, बाकीचे तीस जण तुझा राग राग करतात दिवसभर.

अगदी मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "दहा-अकरा दिवस काढले की पुढे जमतं म्हणतात."

माझा घास हातात राहिला. कोण म्हणतं?

"शिट्टीवाले सर."

त्या नगाऱ्याला काय कळतंय!

मी उठलो, जरा लंगडत. ही म्हणाली, "आज डावा दुखतोय वाटतं?" नेहमी उजवा असतो. बाईचं लक्ष नको तिथे.

२३ मार्च

नडगी ठणठणीत. आज हलक्या बुटांत दोन किलोमीटर. तेहतीस जोर. चिमट्यात थोडा जोर आलाय, पण फुगायची गरज नाही.

२७ मार्च

दुकान उघडायला जाताना मैदानावरून गेलो. शिट्टीवाल्यानं आज कवायत घेतली. पोरं रांगेत, हा पुढे, घसा फाडून – डावा! उजवा! डावा!

सगळी पोरं नीट. आमचे चिरंजीवही नीट, दहा-बारा पावलं. मग शिट्टीवाला नेमका त्याच्या कानाशी जाऊन ओरडला, आणि पोराचं बिनसलं. डावा पाय, डावा हात. उजवा पाय, उजवा हात. लाकडी बाहुल्यासारखा. आपलं काहीतरी चुकतंय हे त्याला कळत होतं, आणि जितकं कळत होतं तितका तो जास्त चुकत होता. पोरं हसली. शिट्टीवालाही हसला.

कुंपणाला धरून उभा राहिलो.

इथे लिहायला काय हरकत आहे, इथे कोण येतंय. गुडघा वगैरे काही नाही. कधीच नव्हतं. मी सैन्यात होतो अकरा दिवस. पळण्यात पहिल्या पाचात होतो, जोर साठ काढायचो. पण उस्ताद अंगावर ओरडला की माझे हातपाय असेच एका बाजूचे व्हायचे. आठव्या दिवशी तो म्हणाला, "याला कुणीतरी उलटी चावी दिलीये रे!" आणि तीस जण हसले. नवव्या दिवशी माझ्यापायी सगळ्यांना चिखलात लोळवलं. दहाव्या दिवशी माझ्याशी कुणी बोललं नाही. अकराव्या दिवशी मी कागदावर सही केली – स्वखुशीने जात आहे – आणि घरी आलो. बसमध्ये गुडघा सुचला. तो कागद, तारखांसकट, ट्रंकेत आहे. फाडवत नाही आणि ठेववत नाही.

एकतीस वर्षं या गुडघ्यावर मान मिळवतोय. थू!

२८ मार्च

आज तीन किल्ल्या चुकीच्या कापल्या.

३१ मार्च

चालताना पाहतो त्याला. एरवी छान चालतो. मी मुद्दाम मागून खेकसलो, "अरे ए!" – झालं, दोन पावलं एका बाजूची. रंग हिचा, नाक हिचं, आणि नेमकं हेच तेवढं माझं घ्यायचं होतं!

यावर उपाय आहे. मला माहीत आहे. परत आल्यावर, अगदी काही उपयोग नसताना, मी तो शोधून काढला होता. पण शिकवायला गेलो की विचारणार – बाबा, तुम्हाला कसं माहीत? मग सगळंच सांगावं लागेल. नाही सांगितलं तर अकराव्या दिवशी तो बॅग घेऊन दारात उभा. आणि कुणाचा तरी गुडघा दुखायला लागणार.

बापापेक्षा घाबरट प्राणी नसेल.

२ एप्रिल

दुकानामागच्या अंगणात नेलं. उजव्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. चाल. डावा पाय जमिनीवर पडला की उजवा हात पुढे, आणि किल्ल्या तिथे वाजल्या पाहिजेत. पावलं मोजायची नाहीत, हाताकडे बघायचं नाही, फक्त आवाज ऐकायचा. डोकं गडबडतं, कान गडबडत नाही.

कारण तयार ठेवलं होतं – आमच्या तुकडीत एक जण होता, त्याला असं व्हायचं. चिरंजीवांनी कारण विचारलंच नाही! बैल नुसता. "हो बाबा," आणि चालायला लागला.

छन्. छन्. छन्. दीड तास. शेजारचा चांभार डोकावून म्हणाला, किल्लीवाले, म्हैस पाळली की काय?

६ एप्रिल

कानाशी कुणी ओरडत नाही तोवर पोराचं सगळं ठीक. म्हणून आज मी उस्ताद झालो. त्याच्या कानाला तोंड लावून ओरडलो. माझ्या आवाजातून तोच माणूस बोलायला लागला, एकतीस वर्षांपूर्वीचा, शब्द न् शब्द. "लाकूड! कुणी पाठवलं तुला! उलटी चावी दिलीये याला!"

चुकला. पुन्हा. चुकला. पुन्हा. चौदाव्या वेळेला किल्ल्या सुरात आल्या आणि राहिल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात बरोबर होता. माझा घसा बसला.

"तुमचा तो तुकडीतला माणूस," त्यानं विचारलं, "त्याला कुणी नाही शिकवलं का असं?"

म्हटलं, नाही.

"वाईट वाटतं त्याचं."

मी म्हटलं, वाटून घेऊ नकोस. होता एक भित्रा.

१२ एप्रिल

पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत. जोर अठ्ठेचाळीस. पाठीवर बारा किलो घेऊन आठ किलोमीटर चालला, फोड एकही नाही. आता जुडगा नाही, मुठीत नुसती हवा, तरी हात बरोबर पुढे येतो. म्हणतो, अजूनही ऐकू येतात.

शिट्टीवाला पाठ थोपटून घेतोय सगळ्यांसमोर. घे बाबा.

१५ एप्रिल

फाटकापर्यंत गेलो दोघं. ही रडली नाही. मोजे दिले, तीन जोड्या. आजूबाजूला दीडशे आईबाप, प्रत्येकाला आपलाच मुलगा सेनापती वाटत होता. एक बाप तर उशी घेऊन आला होता. उशी!

सांगायचं ठरवून गेलो होतो. फाटकापाशी तोंड उघडलं आणि बाहेर आलं – "पाणी पीत जा."

"हो बाबा."

आतून कुणीतरी खच्चून ओरडलं, ओळीत या! पोरं धावली. आता तो पहिलं पाऊल टाकणार म्हणताना मी पाठ फिरवली. पाहायचं धैर्य झालं नाही. ही मात्र पाहत राहिली. बसमध्ये मी विचारलं, कसा चालत होता? म्हणाली, "चालत होता."

१९ एप्रिल

फोन नाही. पहिल्या रविवारी देत नाहीत. मीच सांगितलं होतं.

२५ एप्रिल

आज अकरावा.

दुकानात बसलो, पण मशीन चालू केलं नाही. मशीनच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही. बॅग घेऊन येणारा दिसला की मी उठून उभा. एक विम्यावाला, एक पाहुणा, एक शाळामास्तर. बॅग घेऊन हिंडायला एवढी माणसं असतात गावात!

ठरवलं होतं, आला तर काही बोलायचं नाही. किल्ल्या घासायला बसवायचं शेजारी. आणि मग स्वतःहून सगळं सांगायचं, गुडघ्यासकट.

सहा वाजेपर्यंत आला नाही.

२६ एप्रिल

फोन आला. आधी हिच्याशी बोलला, मग मला दिला. आवाज पार बसलेला. विचारलं, नडगी कशी आहे? म्हणाला, बरी आहे. आणि मग – "बाबा, आज बारावा दिवस."

मी विचारलं, कुलूप कधी उघडलंस?

"नववीत. तुम्ही दुकानात होतात. परत नीट लावून ठेवलं होतं."

पाच मिनिटं संपली.

नववीत! म्हणजे सहा वर्षं तो माझा गुडघा ऐकून घेतोय. या दीड महिन्यात मी अकरा दिवसांच्या जिवावर बोंबलत होतो, आणि तो सगळं माहीत असून उलटा शब्द न काढता धावत होता. मी त्याला भिंत म्हटलं. बैल म्हटलं.

ट्रंक पुढे ओढली. कुलूप काढून उजेडात धरलं, भिंग लावून आत पाहिलं. सात लिव्हर, आणि तारेचा एक ओरखडा नाही. एवढं स्वच्छ काम मलाही जमलं नसतं.