आधी दिवा, मग गाडी

बाबा, आज कॅराव्हॅनचा प्लग लावायच्या आधी मी पुन्हा तुमचा दिवा लावून बघितला. व्होल्टेज वाढलं की आपोआप वीज तोडणारं यंत्र आता दारापाशीच बसवलंय, तरीही. एक बल्ब, होल्डर, दोन हात वायर आणि प्लग, एवढाच तो टेस्ट लॅम्प. अबुधाबीत आठवडाभर तुम्ही लोकांच्या इमारतींचं वायरिंग करायचात आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी, आत स्वयंपाकघर केलेली आपली गाडी वाळवंटातल्या कॅम्पवर न्यायचात. आई कांदा चिरत असते, गिऱ्हाईक ताटकळत असतं, आणि तुम्ही खांबावरच्या सॉकेटला दिवा लावून त्याच्याकडे बघत बसलेले. "आधी दिवा, मग गाडी." आई म्हणायची, "पूजेलाच बसलेत. प्रसाद कधी मिळणार?" तुमचं तोंड दुधाने कधी पोळलं होतं कोण जाणे, पण ताक तुम्ही फुंकूनच प्यायचात.

एकदा मी वैतागून म्हटलं, लागला ना दिवा, आता काय बघताय? तुम्ही चिडलात. "लागला ते शेजारच्या तंबूतूनही दिसतंय. कसा लागलाय ते बघ." मग वाळूत काडीने रेघा ओढून दाखवलंत. कॅम्पला जनरेटर एक, त्याच्या तीन फेज वेगवेगळ्या ओळींना वाटलेल्या, पण परतीची तार, न्यूट्रल, सगळ्यांची मिळून एकच. ती कुठे सुटली की एकाचा दिवा मिणमिणतो आणि दुसऱ्याचा झगझगतो. "मंद दिव्याला लोक शिव्या घालतात, झगझगीत दिव्यावर खूश होतात. तू खूश होऊ नकोस. प्लग काढ."

तुम्ही गेलात त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात हे उपयोगी पडलं. मिरजेहून सगळे सांगत होते, या परत, दोघी बायका तिथे काय करणार. आमच्याकडे ती गाडी तेवढी उरली होती. ती चालली तर राहायचं, जळली तर खलास. मी राहायचं ठरवलं होतं आणि आईला तसं सांगूनही टाकलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या पिकनिकचं काम मिळालं. फ्रीज श्रीखंडाने भरलेला. कॅम्पचा सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, सबका चल रहा है, यल्ला, लगाओ." मंडळातले एक काका म्हणाले, "अगं लाव की. इथे सगळे इंजिनिअरच आहेत, काही झालं तर बघतील." मी दिवा लावला. छान लागला. तरी बसून राहिले, तुमच्यासारखीच. मुलं येऊन विचारून जात होती, "आंटी, इज इट ओपन?" मी नाही म्हणत होते. तेवढ्यात समोरच्या ओळीत कोणीतरी मोठा हीटर लावला आणि आमच्या ओळीतला माझा दिवा एकदम पांढराफटक झाला. मी हात पुढे करेपर्यंत तो फट्कन उडाला. काकांच्या तंबूतल्या टीव्हीतून धूर यायला लागला. मी ओरडत ओळभर फिरले, प्लग काढा, सगळे प्लग काढा. सुपरवायझर म्हणाला, "दो मिनट में ठीक हो जाएगा, इन्शाल्ला." मी म्हटलं, "पहले न्यूट्रल का जॉइंट ढूँढो. तब तक मेरी गाडी नहीं लगेगी." मग फ्रीजचं दार उघडू दिलं नाही, आणि अंधारून आलं तेव्हा लोकांना मोटारींचे दिवे लावायला सांगून आम्ही गॅसवर वडे तळले. मला तुमची फार आठवण येत होती. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, सगळा बेसनाने भरलेला. गाडीतल्या एका तारेलाही धक्का लागला नाही. आम्ही राहिलो, बाबा. अजून इथेच आहोत.

तुमचा दिवा आई तुमच्या जुन्या मोज्यात गुंडाळून डब्यात ठेवते, दसऱ्याला काढून त्याला हळदकुंकू लावते. तो उडाला तेव्हा ती गाडीच्या मागे गॅसची नळी जोडत होती. सगळं आटोपल्यावर तिने पहिलं विचारलं, "त्यांचा दिवा शाबूत आहे ना गं?" मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तसाच बल्ब आणून बसवला. होल्डर तुमचा आहे, वायर तुमची आहे. बल्ब नाही. हे पत्र खरं तर त्या डब्यातच ठेवायचं होतं, पण तो डबा आई उघडते.