माझी टाकी शाबूत राहिली

ती. आई,

पाया पडते. मी खुशाल आहे, वेळेवर जेवते, ती काळजी नको. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमच्या कंपनीचं रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि समुद्रात पडलं, हे तू टीव्हीवर पाहिलंच असशील. कुणाला साधं खरचटलंही नाही. साहेब म्हणाले, "पहिल्या चाचणीत एवढं वर गेलं, हेही कमी नाही."

पण आई, मला मान वर करवत नाही. उड्डाणाच्या वेळी प्रत्येकासमोर आपापल्या भागाची स्थिती दाखवणारा संगणकाचा पडदा असतो. माझ्याकडे इंधनाची टाकी, शेजारी मैत्रिणीकडे इंजिन. रॉकेट कलंडलं, तिचा पडदा लाल झाला आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "हुश्श! आमचं नाही!" अख्ख्या खोलीनं ऐकलं.

मला ताप आला तेव्हा उशाशी बसलेली हीच. माझं ते "हुश्श" ऐकूनही डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं गं, तुझं तरी निभावलं." टोमणा असता तर सोसला असता. पण ती मनापासून बोलली.

तू शेजारीपाजारी सांगत असशील, माझ्या लेकीची टाकी शेवटपर्यंत टिकली म्हणून. नको सांगूस.

माफी मागायला तिच्या दारापर्यंत दोनदा गेले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. बेल वाजवायचा धीर झाला नाही. आता हे पत्र पेटीत टाकते आणि तशीच तिच्याकडे जाते. तिनं दार उघडलं नाही, तर पायरीवर बसून राहीन.

तुझी,
धाकटी