आहेराच्या पेटीचा निकाल

कुरुंदा, ता. वसमत
रविवार, ५ जुलै

आदरणीय शिलामावशी आणि विजयकुमारकाका यांना कोमलचा सप्रेम जय भीम.

मावशी, तुझा गुडघा आता कसा आहे? काकांच्या शिंका थांबल्या का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. पण पुढचं लिहिण्याआधी एक दुरुस्ती करायची आहे. शिरड शहापूरच्या ताराआत्याच्या घरच्या लग्नात आम्ही दिलेला आहेर सगळ्यांना फार आवडला, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. मी त्या लग्नाला गेलेच नव्हते. आईनं सांगितलं तसं लिहिलं, आणि आईला तरी आहेर देऊन, जेवून, चारच्या गाडीनं निघेपर्यंत जेवढं दिसलं तेवढंच ठाऊक होतं. खरं काय झालं ते आम्हाला नऊ दिवसांनी कळलं, आणि ते तुला कळवल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही. (हे पत्र लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलं आहे. उलटून पाहिलंस तर घाबरू नकोस, ती सगळी लग्नं होऊन गेली आहेत.)

आमचा करार तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, म्हणजे गैरसमज नको. हळदीचा हंगाम संपला आणि बाबांचा हळद शिजवायचा कुकर गावोगाव फिरून घरी आला, तेव्हा हातात जे पैसे उरले त्यांत एकतर माझ्या बी.एड.ची निम्मी फी बसत होती, नाहीतर प्रेमानंदच्या मोटारसायकलीचा पहिला भरणा. बाबा दोघांचेही बाप, त्यामुळे त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. मला म्हणाले, "बाकीची निम्मी जून सरायच्या आत घरखर्चातून काढून दाखव. निघाली तर तू हिंगोलीला. न्हाई निघाली तर गाडी दारात." त्या दिवसापासून घर माझ्या हातात आलं. (तसं अर्धं आधीच होतं. आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली, त्यामुळे रेशनकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत जे जे लिहिलेलं, ते माझ्या ताब्यात.) प्रेमानंद त्याच दिवशी वसमतला जाऊन गाडीचा रंग ठरवून आला. मला हे चांगलं लक्षण वाटलं नाही.

काटकसर मी साबणापासून सुरू केली. उरलेल्या चकत्या जुन्या पायमोज्यात भरून त्याचा एक नवा साबण केला. तो दिसायला वाईट होता, पण फेस करायचा. प्रेमानंदच्या केसांना लागणारा जेलचा डबा बंद केला, त्यावर त्यानं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी खोबरेल लावलं. रिचार्ज एकाच फोनवर ठेवलं. पंखा दुपारी एक तास बंद ठेवायचं ठरवलं होतं, पण आई म्हणाली की मे महिन्यात पंख्याला हात लावलास तर तुझं बी.एड. मीच मोडीन, म्हणून ते कलम मागे घेतलं. चहा दोनच वेळा, आणि मध्ये पाहुणा आला तर त्याचा चहा बाबांच्या वाटणीतला. बाबांनी हे फार शांतपणे मान्य केलं. इतक्या शांतपणे, की मला शंका आली. चौकशी केली तर ते रोज दहा वाजता स्टँडवर जाऊन चहा घेत होते, आणि एकट्याला बरं वाटत नाही म्हणून चारजणांना पाजत होते. मुकाट्यानं घरचा तिसरा चहा चालू केला. तो स्वस्त पडला.

मध्येमध्ये मला भीती वाटायची की आपण काटकसरी होता होता चिकट तर होत नाही ना. एकदा दारावर आलेल्या बाईला मी मूठभर ज्वारी दिली आणि मग ती मूठ लहान होती की काय, या विचारानं तिच्यामागे वेशीपर्यंत जाऊन आणखी एक मूठ देऊन आले. ती बाई मला पाहून आधी पळत होती.

एवढं करूनही एप्रिल संपताना माझ्या लक्षात आलं की साबण, चहा, खोबरेल हे सगळं मुंगीचं पाऊल आहे. घराचा पैसा खरा कुठे जातो, ते भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं होतं. लग्नपत्रिका. सतरा. (अठरा लिहिणार होते, पण एक दोनदा आलेली होती.) प्रत्येक लग्नाला एक साडी, टॉवेल, टोपी. तू म्हणशील, लोकही आपल्याला देतात. देतात ना. ते सगळं आईच्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत असतं. पेटी उघडली तर चौतीस साड्या निघाल्या, एकाही साडीची घडी मोडलेली नाही. त्या नेसायच्या साड्या नव्हेतच, त्या देण्याघेण्याच्या साड्या. दुकानातसुद्धा त्यांचा ढीग वेगळा असतो आणि आपण कुणासाठी मागतो आहोत ते दुकानदार आपल्या तोंडाकडे बघून ओळखतो.

मी ठरवलं, एकही नवी साडी आणायची नाही. पेटीतलीच पुढे द्यायची. धोका एकच, जिनं दिली तिलाच परत जायची. म्हणून आईला समोर बसवून मी एकेका साडीचा उगम विचारला आणि प्रत्येक साडीच्या पोटात टाचणीनं चिठ्ठी लावली. कुणाकडून आली, कोणत्या साली, आणि पोत कसा. पोत लिहायची काही गरज नव्हती. पण निकृष्ट वस्तू जवळच्या माणसाला जाऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं. देताना चिठ्ठी काढून घ्यायची, असा नियमच होता. तो नियम मी आईला सांगितला होता की नाही, हे मला आता शपथेवर सांगता येणार नाही.

शिरडच्या लग्नाच्या दिवशी मी बी.एड.च्या फॉर्ममधली चूक दुरुस्त करायला वसमतला गेले होते. आईनं पेटीतून एक जांभळी साडी काढली. आत चिठ्ठी दिसली. आईला वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. तिला वाटलं, शिकलेली माणसं भेटीवर आपलं नाव घालतात तसं पोरीनं नाव घातलं आहे, आणि ते आत दडून काय उपयोग. म्हणून तिनं ती चिठ्ठी काढून वरच्या पदरावर, दर्शनी, सरळ लावली. अभिमानानं लावली, मावशी. त्यामुळे मला तिच्यावर रागावताही येईना.

तिकडे लग्नानंतर आहेर मोजायला सगळ्या बाया बसल्या. नवी नवरी बारावी शिकलेली, म्हणून नावं वाचायचं काम तिच्याकडे दिलं. सासरच्या घरात तिचं ते पहिलंच काम. तिनं माझी चिठ्ठी स्वच्छ, न अडखळता वाचली: "वसमतच्या मामीकडून. सन २०२२. सूत विरळ, रंग जातो. फारसं येणं-जाणं नसलेल्यांना द्यावी."

नवव्या दिवशी सकाळी ताराआत्या आमच्या ओट्यावर येऊन बसली. पाणी घेतलं नाही. पिशवीतून साडी काढून मांडीवर ठेवली आणि शेजारच्या ज्योतीकाकू, मागच्या आळीच्या बाया, दळणाला निघालेल्या दोघी, सगळ्या जमेपर्यंत गप्प राहिली. (तिला घाई करायची सवय नाही.) आम्हाला वाटलं, ती "विरळ सूत" म्हटल्याबद्दल भांडेल. ते तिनं मनावरच घेतलं नव्हतं.

"सूत इरळच हाय," ती आईला म्हणाली. "माझ्या घरची हाय, मला म्हाईत न्हाई व्हय? पर सोजराबाई, ही साडी तुमच्या घरी म्या दिली. वसमतच्या मामीचं नाव काहून लावून राहिले तुमी?"

म्हणजे आईनं उगम चुकीचा सांगितला होता, आणि जिची तिलाच गेली होती, वर दुसरीच्या नावानं. आई नुसती पदर चावत उभी. बाबांना भांडण सोसत नाही, ते लगेच म्हणाले की झाली चूक, उद्याच वसमतला जाऊन आत्याला भारीतली साडी घेऊ, नव्या सुनेला एक घेऊ, नवरदेवाला कपडे करू. बोलता बोलता ते माझी फी नेसवत होते आणि ते त्यांच्याही लक्षात येत नव्हतं. प्रेमानंदच्या मात्र आलं होतं. तो दारात उभा राहून अगदी सहानुभूतीनं माझ्याकडे पाहत होता.

मावशी, मी भित्री आहे, हे तू जाणतेस. ताराआत्यासमोर मी आजवर नमस्कारापलीकडे बोललेली नाही. पण मी आत गेले, पेटी ओढत ओट्यावर आणली आणि म्हणाले, "आत्या, चिठ्ठी मी लिहिली, आईनं न्हाई. अजून तेहतीस आहेत."

आत्यानं पेटीचं झाकण उघडलं. मग म्हणाली, "वाच."

मी वाचल्या. "कडक, अंगाला खाज येते." ज्योतीकाकू म्हणाल्या, ही माझी. "काठ एकाच बाजूला." ही मागच्या आळीची. "लग्नाला चालेल, पावसात नको." त्यावर कुणीतरी हसलं, आणि हसू आलं की भांडण उभं राहत नाही. मग जांभळीचा माग निघाला. ताराआत्याला ती तिच्या सिद्धेश्वरच्या नणंदेनं दिली होती. ज्योतीकाकूंनी साडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि हळू आवाजात कबूल केलं की सिद्धेश्वरवालीला ती त्यांनीच दिली होती, नऊ वर्षांमागे, आणि त्यांनाही ती दुसरीकडून आली होती. म्हणजे ती साडी आमच्या भिंतीपलीकडून निघाली आणि सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत जाऊन, शिरडवरून आमच्या घरी येऊन, पुन्हा शिरडला पोचली होती.

"माझ्यापरीस जास्त गावं पाह्यली हिनं," ताराआत्या म्हणाली. "अन् नेसली कुणीच न्हाई."

मग मात्र बायांना सुटं वाटलं. जिची तिची साडी हातात घेऊन जी ती आपणहून सांगू लागली, ही तीनशेच्या ढिगातली, सहाशे सांगितले. ही दुकानदारानं टॉवेलावर फुकट दिली. आत्यानं मला तिच्या स्वतःच्या दोन साड्यांच्या चिठ्ठ्या नव्यानं लिहायला लावल्या, कारण मी त्यांना "बरी" म्हटलं होतं आणि ते तिला पटत नव्हतं. शेवटी तिनं निकाल दिला की आजपासून आपल्या भावकीत आहेराची साडी बंद, टोपी-टॉवेलही बंद. ज्याला नेसायचं त्यानं आपलं इकत घ्यावं, लग्नाला यावं, पोटभर जेवावं. मी ते कागदावर लिहून काढलं. बावीस जणींनी सह्या-अंगठे केले. त्याच बैठकीत आत्यानं पाणी मागितलं, चहा घेतला (तो तिसरा, पण त्या दिवशी मी मोजला नाही), आणि चौतीसही साड्या फाडून वाकळी शिवायला वाटून टाकल्या. वाकळीला विरळ सूत उत्तम.

मे-जूनची राहिलेली सोळा लग्नं आम्ही रिकाम्या हातांनी आणि ताठ मानेनं जेवून आलो. तीस जूनला मी निम्मी फी बाबांच्या हातात ठेवली. बाबांनी ती दोनदा मोजली, मग कपाटातली दुसरी निम्मी वर ठेवली. यादीत माझं नाव लागलं आहे, फी भरली आहे, पावती माझ्याकडे आहे. प्रेमानंद आता मला "मॅडम" म्हणून हाक मारतो आणि गाडीचा रंग बदलला असं सगळ्यांना सांगतो. पण पावती पहिल्यांदा शेजाऱ्यांना दाखवायला तोच घेऊन गेला होता.

थोरांना वंदन, धाकट्यांना माया. गुडघ्याला शेक चालू ठेव.

तुझी भाची,
कोमल

ता.क. वर लिहिलेल्या बचतीत चहाची बचत धरू नये. पत्र वाचून दाखवल्यावर आईनं कबूल केलं की चहापत्ती आणि साखर ती तिच्या हळद निवडायच्या मजुरीतून आणून माझ्या डब्यात भरत होती. मला पत्ती फार पुरते याचं नवल वाटायचंच.

ता.ता.क. आणखी एक गोष्ट अंगावर घेऊन मला पुढे जाता येणार नाही. फीचा आकडा जमला तो वसतिगृह सोडून. मार्चमध्ये मी जो अंदाज केला त्यात "राहणे" या शब्दासमोर शून्य लिहिलं आहे आणि शून्यापुढे "शिलामावशी, हिंगोली". सगळ्यांत मोठी बचत तीच आहे आणि तुला मी एका शब्दानं विचारलेलं नाही. ऐश्वर्याताई सासरी गेल्यापासून तिची खाट रिकामी आहे, एवढं मला माहीत होतं. धान्य मी घेऊन येईन, अंथरूण आणीन, काकांच्या चहाला हात लावणार नाही. दोन वर्षांचा प्रश्न आहे. तुला तकलीफ असेल तर मोकळेपणानं नाही म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त पत्रानं कळव, कारण फोन प्रेमानंदजवळ असतो आणि तो माझे निरोप हल्ली आठवणीनं विसरतो. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. तू लगेच शुक्रवारी उत्तर टाकलंस तर ते आमच्याकडे मंगळवारी येईल, पोस्टमनदादा दुपारी एकला येतात. हे मी मुद्दाम जुळवलेलं नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहवत नाही. मी मंगळवारी, १४ जुलैला, सकाळी सव्वासातच्या एसटीनं निघते आहे.