दोन यंत्रे, एकच माप

१८ सप्टेंबर

प्रिय पत्नीस,

मायना कोणता लिहावा हे बराच वेळ ठरेना. सप्रेम नमस्कार लिहावा तर आपल्यात ती पद्धत नव्हती. आशीर्वाद लिहिण्याचा मला आता अधिकार उरला आहे की नाही, हे ठाऊक नाही.

विषय यंत्राचा आहे. विक्रेत्याने नवे कापणी-मळणी यंत्र चाचणीसाठी आणून ठेवले आहे. शेडमध्ये जागा एकाचीच. तू आणि धाकटीने मिळून घेतलेले जुने यंत्र ठेवावे की तुझ्या या बहिणीस देऊन टाकावे, हे मला ठरवायचे आहे. तिचे स्वतःचे यंत्र ऐन हंगामात बंद पडले असून ती माझ्या उत्तरासाठी खोळंबली आहे.

मी निष्पक्ष राहण्याचे ठरविले. दोन्ही यंत्रे शेजारशेजारच्या ओळींत चालविली. ड्रमचा वेग आणि त्याखालच्या जाळीचे अंतर तू ज्या पिकाला जसे ठेवीत असस, तसेच नव्यालाही दिले. नव्याने सोयाबीनची डाळ केली; मक्याचेही दाणे फोडले. जुने सरळ जिंकले. मला अतिशय आनंद झाला आणि त्याच क्षणी स्वतःचाच संशय आला.

धाकटीस सविस्तर कळविले आहे. तुला कळविल्यावाचून राहवले नाही, इतकेच.

तुझा

२२ सप्टेंबर

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि. तुमचा अहवाल पोचला. घरच्या पत्रात मुद्द्यांना क्रमांक घालणारे आपल्यात तुम्ही एकटेच. ताई असती तर मोठ्याने वाचून दाखवला असता आणि तुम्ही उठून बाहेर गेला असता.

भाऊजी, ही कसली निष्पक्षता? ताईच्या चपला तुमच्या पायात घालायच्या, पळायला लावायचं, आणि वर म्हणायचं, हा गडी लंगडतो. जुन्याचा ड्रम आडवा, तो दाणे झोडपून काढतो. नव्याचा यंत्राच्या लांबीत बसवलेला, लांबलचक आणि जाड. तो घासून काढतो. तोच वेग दिलात तर फोडणारच. त्याला त्याचा वेग द्या. मक्याला आणखी कमी, जाळीही सैल. आणि सोयाबीनच्या शेंगा दुपारी वाळल्या की वेग पुन्हा उतरवा. ताई जेवून आली की आधी वेगाचा काटा खाली आणायची, ते काय उगाच?

हे लिहितेय खरी, पण माझंच मला कळत नाही. यंत्र मागावं तर ताईची वस्तू ओढून नेल्यासारखं होतं. न मागावं तर माझ्या शेंगा उभ्या शेतात तडकायला लागल्यात. तुम्हीच काय ते ठरवा, पण खरं बघून ठरवा.

माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची धाकटी

२७ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या सूचनेप्रमाणे चाचणी पुन्हा घेतली. या वेळी प्रत्येक यंत्रास त्याचे त्याचे माप दिले. सोयाबीन सकाळी एका वेगाने, दुपारी दुसऱ्या. मका निराळ्याच मापाने. नव्याच्या टाकीत फुटके दाणे जवळजवळ नाहीत, आणि मागे जमिनीवरही जुन्याहून कमी पडले. विश्वास बसेना म्हणून गुडघे टेकून पुन्हा पाहिले. विक्रेत्याचा माणूस बांधावर उभा होता. माझे काही हरवले आहे का, असे त्याने अदबीने विचारले.

निष्कर्ष स्पष्ट आहे. निष्कर्ष काढणारा स्पष्ट नाही. पहिल्या चाचणीत मी नव्याला हरविण्यासाठीच तर ते माप दिले नव्हते ना, हे मला आजही सांगता येणार नाही.

तुझ्या शेंगा थांबणार नाहीत. रविवारी ट्रेलर घेऊन ये.

कृपादृष्टी ठेवण्याइतके माझे वर्तन झाले असल्यास ठेवावी.

तुझे भाऊजी

३० सप्टेंबर

प्रिय पत्नीस,

धाकटी आली होती. ती बराच वेळ यंत्राभोवती फिरत राहिली, आणि मी तिला जाळी कशी सैल करतात ते समजावीत राहिलो. तिने ऐकून घेतले. हे तिला माझ्याहून चांगले येते, हे मला नंतर आठवले.

केबिन पुसून घेतली. आसन तू ओढून घेतले होतेस तितकेच पुढे आहे. मी चालविताना दोन्ही वेळा गुडघे स्टिअरिंगला लागत होते, तरी मागे सरकवले नाही. आजही सरकवले नाही. धाकटीची उंची तुझ्याएवढीच आहे.

यंत्र ट्रेलरवर चढविले. केबिनचे दार कुलूपबंद केले. किल्ल्या धाकटीस दिल्या.