भंगारात दिलेला कॉम्प्युटर

काळेवाडी,
१४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय ज्ञानदेवदादा,

सप्रेम जय भीम.

घरी सगळे बरे आहेत. माझ्या धाकट्या बहिणीला, मैत्रीला, नोकरी लागली. आईचा गुडघा दुखतो, तरी निघोज्याच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला जाते. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही कंपनी सोडून गेल्यापासून ऑफिसात तुमच्यासारखा चहा कोणी करत नाही.

दादा, उगाच चहाचं लिहितोय.

तुमच्या टेबलाखाली तो जुना कॉम्प्युटर होता ना, जुना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा जुना गाभा असलेला? दर शनिवारी प्रेसच्या सुरक्षा-पडद्याचा आपला प्रोग्राम, तो ड्रायव्हर, तुम्ही त्यावर चालवून बघायचात, मगच बाहेर सोडायचात. मी हसायचो. ऑफिस हलवताना मी तो भंगारवाल्याला दिला. जुन्या कर्नलसाठी ड्रायव्हर बनवायचं सगळं त्यातच होतं, जुनी प्रतसुद्धा. नवा ड्रायव्हर मी फक्त नव्या कर्नलवर तपासला आणि सोमवारी पाठवून दिला. तो आईच्या प्रेसवर गेला.

आत हात दिसला की प्रेस थांबवणारा तो लाइटचा पडदा बंद पडला. प्रेस चालवू नका म्हणून मी कारखान्याच्या मालकांच्या पाया पडलो. त्यांनी पडद्याची वायर काढली आणि पडद्याशिवायच प्रेस सुरू केली. माल थांबवता येत नाही म्हणे. आज चौथा दिवस, मला काही जमत नाहीये. आईला म्हटलं, जाऊ नको, मशीनच्या कॉम्प्युटरचा गाभा जुना आहे, माझा प्रोग्राम नवा, दोघांचं जुळत नाही. ती म्हणाली, "मग जुन्याशी जुळवून घ्यायचं होतंस ना बाळा. मी नाही गेले तर त्या नव्या पोरीला, पिंकीला बसवतील. तिला तर सवयही नाही."

वर लिहिलं, तुम्ही सोडून गेलात. खोटं आहे ते. जुन्या कर्नलचं काम बंद केलं तर एक माणूस कमी करता येईल, हे मीटिंगमध्ये मी बोललो होतो. तुमची खुर्ची मला मिळाली. तुमच्या निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली.

माफ करा किंवा नका करू. पण तुमच्याकडे एखादी प्रत, जुन्या वहीतलं पान, काहीही असेल तर द्या. मी थेरगावला तुमच्या दाराशीच आहे. बेल वाजवायची हिंमत होत नाही, म्हणून पत्र खालून सरकवतोय.

घरातून निघताना बघितलं, आईनं हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या. अडकायला नकोत म्हणाली. तिची शिफ्ट दुपारी तीनला सुरू होते.

तुमच्या जिन्यात बसलेला,
बुद्धरत्न